क्षणभर गुलाबी

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावावर एकोणीस वर्षं एकच माणूस कामाला होता, आणि त्यांना तिथून मी घालवलं. कागदावर कमिटीने काढलं असं आहे. कागदाला काय, लिहू ते त्यावर उमटतं.

सगळे त्यांना नाकवाले म्हणायचे. नाक काही मोठं नव्हतं, उलट बसकंच होतं. पण पहाटे काठावर उकिडवं बसून ते ओंजळभर पाणी नाकापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "आज पाऊण मग पावडर पुरे." की तेवढीच. पोरांनी पाण्यात काही उद्योग केला असेल तर तेही ते ओळखायचे, आणि त्या पोराच्या आईला न सांगता पोरालाच बाजूला घेऊन सांगायचे. एकोणीस वर्षांत त्या पाण्याने कुणाला साधी खाजसुद्धा आली नाही.

मी शाळेत तीस वर्षं रसायन शिकवलं. निवृत्त झाल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून पाणी तपासायची एक छोटी पेटी मागवली. काचेची नळी, दोन बाटल्या आणि रंगांचा तक्ता. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. जितकं गडद गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. नसेल तर पाणी जसंच्या तसं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी ते रोज करायचे. आमचे हे म्हणायचे, "शाळा सुटली, पण बाई काही सुटल्या नाहीत."

त्या सुट्टीत नात राहायला आली होती आणि नेमका तलाव बंद. पंप बिघडून पाणी हिरवं पडलं होतं, म्हणून नाकवाल्यांनी भरपूर पावडर टाकून दारावर पाटी लावली होती: दोन दिवस पोहणं बंद. नात तोंड फुगवून बसली. मला राग आला. खरं सांगते, सगळं त्या रागापासून सुरू झालं. जाळीतून हात घालून मी बाटलीभर पाणी घरी आणलं. पाच थेंब टाकले. पाणी पांढरं स्वच्छ. परत केलं, परत तेच.

म्हणजे क्लोरीन शून्य. मग पावडर गेली कुठे? दुसऱ्याच क्षणी मी मनात त्यांना चोर ठरवून मोकळी झाले. मला खुलासा कसला सुचतो? निकालच सुचतो.

संध्याकाळी कमिटीचे दोघं आणि नाकवाले माझ्या ओट्यापाशी उभे होते. ताजं पाणी कमिटीवाल्यांनीच आणलं होतं. नाकवाले चपला बाहेर काढून, हात मागे बांधून उभे. मी थेंब टाकले. नळीत गुलाबी रंग लपकन आला आणि तितक्यात गेलाही.

"बाई, आत्ता गुलाबी झालं होतं," ते म्हणाले.

"थेंब मिसळताना भास होतो तसा," मी म्हटलं.

"वासही जोरात येतोय पाण्याला. डोळ्याला लागतोय."

मलाही वास येत होता. मी मनाशी म्हटलं, यांच्या कपड्यांचाच असेल, यांना कायम येतो. आणि मोठ्याने काय म्हटलं, तर "वासावर पाणी चालत नाही, मामा. वयाबरोबर नाकही थकतं. नळी खोटं बोलत नाही."

ते नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई म्हणतात म्हणजे असेल." आणि आठवड्यानंतर त्यांनी किल्ल्या दिल्या. चोरीचा शब्द कुणी काढला नाही, मीही नाही. वयाचं कारण सगळ्यांनाच सोयीचं पडलं.

पुढचं वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. तलाव एका कंपनीकडे गेला, गणवेशातली माणसं आली. एका दुपारी मी फडकी ब्लीचच्या पाण्यात भिजवली होती. पेटीतल्या थेंबांची मुदत संपत आली होती, म्हटलं टाकण्याआधी गंमत बघू. बादलीतलं पाणी नळीत घेतलं, पाच थेंब टाकले. लपकन गुलाबी आणि लगेच पांढरं.

मग चमचाभर तेच पाणी पातेलंभर नळाच्या पाण्यात घातलं आणि त्यातलं नळीत घेतलं. गडद गुलाबी झालं, आणि तसंच राहिलं.

नववीच्या वर्गाला दरवर्षी मी एक फूल दाखवायचे. क्लोरीनमध्ये धरलं की पाकळ्यांचा रंग उडतो. तीस वर्षं, दरवर्षी, फळ्यावर समीकरणासकट. क्लोरीन अति झालं की ते थेंबांचाही रंग खाऊन टाकतं, हे कळायला मला ना पुस्तक लागत होतं ना पेटी. त्या दिवशी पाण्यात क्लोरीन शून्य नव्हतं, हवं त्याच्या कितीतरी पट होतं. म्हणूनच तर त्या माणसाने पाटी लावली होती.

हे कळल्यावर लगेच धावत गेले असते तर निदान तेवढं तरी नावावर जमा झालं असतं. मी अकरा दिवस लावले. कमिटीला पत्र लिहिलं, ते म्हणाले, "जाऊ द्या हो बाई, झालं गेलं." बाराव्या दिवशी पत्ता विचारत गेले.

दोन खोल्यांचं घर. नाकवाले आता एका रोपवाटिकेत झाडांना पाणी घालायचे. मला बघून उठले, खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. ती दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आली, तेव्हा म्हणाले, "आधी वास घेऊन बघ गं, नासलंय का."

"मीच बघते सगळं," सून मला म्हणाली. "त्यांना वास कळत नाही आता. गॅस सुरू राहिलाय का, हेसुद्धा रात्री दोनदा मला विचारतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणतात, शाळेतल्या बाईंनी तपासलंय."

नोकरी घालवली एवढंच मी धरून आले होते. त्याचंच ओझं मला पेलवत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. फडकी, बादली, पातेलं, फूल. चूक माझी होती, तुमचं नाक बरोबर होतं, असं दोनदा म्हणाले. ते मान खाली घालून ऐकत होते. मग हात पुढे करून त्यांनी सुनेकडून पातेलं घेतलं, नाकापाशी नेलं, आणि बराच वेळ तसेच बसले.

"चांगलं आहे दूध," ते म्हणाले. "सकाळचं आहे, पण चांगलं आहे." आणि हसले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

निघताना ते दारापर्यंत आले.

"बाई, तेव्हा गुलाबी झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मला वाटलं, डोळेही गेले माझे."

"नाही," मी म्हटलं. "मीही बघितलं होतं."

तेव्हा त्यांचं हसू गेलं. दाराची कडी हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मी जिना उतरले.