रानकंदाचे क्रीम

मंगळवार, १४ मार्च. हवा कोरडी. नळाला पाणी पाऊण तास उशिरा. इस्त्रीवाल्याने दुसऱ्याचाच रुमाल आणला, परत पाठवला. वन्संच्या मांजरीला दूध आले. पिल्ले नाहीत.

डायरीत त्या दिवशी एवढेच लिहिले आहे. मांजरीचे नाव बाईसाहेब. वय अकरा, आणि पिल्ले होऊ नयेत म्हणून तिचे ऑपरेशन करून दहा वर्षे झाली होती.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. आमची घरे एकाच जिन्याच्या दोन बाजूंना. सव्वीस वर्षे त्या औषधांच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसून आलेला माल तपासत होत्या. गल्लीत त्यांना सगळे भिंगवाली म्हणत. डबी हातात घेतली की पुढच्या बाजूवर त्या आधी अंगठा ठेवत. "पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची माझी." मग भिंग लावून घटकांची यादी शेवटाकडून वाचत. लपवायचे असते ते लोक शेवटी बारीक अक्षरांत लिहितात, असा त्यांचा अनुभव होता.

पाळी जाण्याच्या वयातल्या बायका, कुणी सांगितले म्हणून घेतलेली 'नैसर्गिक' हार्मोनची क्रीमे घेऊन त्यांच्याकडे येत. वन्सं भीडभाड ठेवत नसत. "ह्यात नुसता वास आहे, बाई. टाचांना लाव, भेगा तरी भरतील." रानकंदाचे क्रीम कुणी दाखवले की एक वाक्य ठरलेले: "रानकंदापासून हार्मोन होतं ते प्रयोगशाळेत. आपल्या अंगात होत नाही."

पण तीन वर्षे त्या स्वतःच बेजार होत्या. बसल्या जागी अंगातून वाफ निघे, दिवसातून चारदा कपडे बदलावे लागत. शेवटी दुकानात आलेली रानकंदाचीच एक डबी त्यांनी घरी आणली. यादीतल्या अकराही वस्तूंवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा केल्या.

"वहिनी, एकही वस्तू वाकडी नाही. गुण नाही आला तर नाही, अपाय तरी नाही."

आठ दिवसांत वाफा थांबल्या. गालांवर तजेला आला.

"वन्सं, वय उतरतंय की काय तुमचं?"

"उतरू दे. चढून काय मिळालं?"

क्रीम त्या दोन्ही हातांना, मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने चोळत. माझी भाची, म्हणजे वन्संची मुलगी, नोकरीला जाताना तिची पाच महिन्यांची मुलगी, आमची छकुली, त्यांच्याकडे ठेवून जाई. दुपारी छकुली त्यांच्या एका हातावर झोपे, दुसऱ्या हाताला चिकटून बाईसाहेब.

चौदा तारखेला दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा खोलीत लख्ख ऊन होते. वन्सं आणि छकुली गाढ झोपेत होत्या. पलंगाखालून घरघर ऐकू आली म्हणून वाकून पाहिले. बाईसाहेबांनी छकुलीचे तीन पायमोजे पोटाशी गोळा केले होते आणि त्यांना चाटत ती कुशीवर पडली होती. आचळे सुजून लाल झाली होती. मी हात पुढे केला तेव्हा मोज्यांवर दुधाचा डाग दिसला. ती माझ्यावर गुरकावली नाही. वर पलंगाकडे, छकुली होती त्या बाजूला, कान टवकारून पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी छकुलीला कडेवर घेऊन आम्ही बाईसाहेबांना गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट चाचपले आणि विचारले, "घरात कुणी हार्मोनचं क्रीम लावतं का? अंगाला अंग लागून, चाटून ते मांजरीत जातं."

"हार्मोनचं नाही हो, साधं रानकंदाचं," वन्सं म्हणाल्या.

"गुण आला?"

"आला की. आठ दिवसांत." बोलता बोलता त्या थांबल्या. स्वतःचे ठरलेले वाक्य त्यांना तेव्हा आठवले असावे. वाटेत अर्ध्यावर म्हणाल्या, "वहिनी, यादी खरी असेल तर मला गुण यायलाच नको होता."

घरी येऊन त्यांनी डबीवर पुन्हा भिंग धरले. शेवटून वाचले, सुरुवातीपासून वाचले. अकरा ते अकराच. मी डायरी आणली.

"वीस जानेवारी, वन्संनी नवे क्रीम सुरू केले," मी वाचले. "अठ्ठावीस जानेवारी, वन्संना घाम नाही. अकरा फेब्रुवारी, बाईसाहेबांच्या पोटावरचे केस जातात."

"आणि छकुलीचं काय लिहिलंय?"

मी पाने उलटली. "रोज दुपारी वन्संच्या हातावर झोपते. बाकी काही नाही."

वन्सं उठल्या, साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. पलंगावर निजवलेली छकुली जागी होऊन रडू लागली तरी त्या भिंतीशी उभ्याच. मीच तिला उचलले. संध्याकाळी भाची आली.

"आई, ती रडून लाल झालीय आणि तू काय बघत उभी राहिलीस?"

वन्संनी सगळे सांगितले. भाचीने मुलीला माझ्या हातून घेतले. मग म्हणाली, "तू तपासलं होतंस ना?"

"लिहिलेलं तपासलं."

क्रीम प्रयोगशाळेत गेले. निकालाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत भाची मुलीला आंघोळ घालताना दिव्याखाली न्यायची, कुठे सूज दिसते का पाहायची आणि मगच कपडे घालायची. वन्सं भाचीच्या दारापर्यंत जात, उंबरा ओलांडत नसत.

मधल्या एका सकाळी गाणे शिकवणाऱ्या बाई दुकानात आल्या. वय साठ. स्वतःला गुण आल्यावर वन्संनीच त्यांना हे क्रीम दिले होते. लाजत, हसत म्हणाल्या, "अहो भिंगवाली, नऊ वर्षांनी पुन्हा सुरू झालंय माझं! घड्याळ उलटं फिरलं म्हणायचं!"

वन्सं हसल्या नाहीत. त्यांचा हात धरून म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."

कागद आला. इस्ट्रोजेन, औषधात घालतात तेवढ्या मात्रेत. यादीत त्याचा उल्लेखही नव्हता. दुकानाच्या मालकांनी डब्या काढून घेतल्या आणि औषध खात्याकडे तक्रार केली. ज्या सात बायकांना वन्संनी "हे चालेल" म्हणून सांगितले होते, त्यांच्या घरी त्या स्वतः गेल्या. एकीने तोंडावर दार लावले.

त्याच दुपारी आम्ही छकुलीला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नखापासून टाळूपर्यंत तपासले. "आत्ता तरी काही दिसत नाही. ते क्रीम घरातून गेलं पाहिजे, कपड्यांतूनसुद्धा. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा."

घरी परतल्यावर छकुली आईच्या मांडीवरून आजीकडे झेपावू लागली. वन्संच्या कपाळावरून पुन्हा घामाच्या धारा लागल्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. भाचीने एकदा आईकडे पाहिले आणि मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतले.

मी वन्संचे कपाट रिकामे केले. त्या संध्याकाळी डायरीत लिहिले: वन्संचे पाच झगे, चार अभ्रे, एक दुलई वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्याने धुतली. पाण्यावर तवंग आला. पाणी बदलून पुन्हा धुतली.