आईची होडी, माजलगावच्या पाण्यावर

वडील गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली. माजलगाव धरणावर दोघं मिळून जिच्यातून मासेमारी करायचे, ती लाकडी होडी मात्र काठावरच राहिली. यंदा होळीनंतर किसनकाकांचा, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "उन्हानं फळ्या तडकाया लागल्यात. सरपणाला फोडायची का दुरुस्त करायची, तुमीच सांगा." आई त्या दिवशी जेवली नाही. शनिवारी आम्ही दोघी निघालो.

पुण्याहून बीड, तिथून तेलगावमार्गे माजलगाव. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण जागा आधीच राखून ठेवा. तेलगावला चहा घ्या. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस रांगते. माजलगाव जवळ आलं तसं आईनं मला खिडकीजवळून उठवलं आणि स्वतः तिथे बसली.

होडी पालथी पडली होती. आई फळ्यांवरून हात फिरवत तिच्याभोवती चालली.

"वयनी, लई जुनी झाली," काका म्हणाले. "पत्र्याची नवी घेऊ की."

"कावून? नवी कशाला? बूड चांगलं हाय हिचं."

मग जुनं डांबर खरवडणं सुरू झालं. फटींत कापूस ठासायचा, वरून गरम डांबर ओतायचं. एका कुजक्या फळीवर पत्रा ठोकला. पुण्यात चहा टाकतानाही मला विचारणारी आई इथे काकांना कामं सांगत होती. दुपारी काकूंनी तळलेली चिलापी आणि ज्वारीची भाकरी आणली. तुम्ही गेलात तर काठावरच्या कुणालाही सकाळीच सांगून ठेवा, ताजा मासा मिळतो.

रात्रभर होडी काठच्या पाण्यात बुडवून ठेवली. लाकूड फुगलं की उरलेल्या बारीक फटी मिटतात. सकाळी पाणी उपसून आई मागे बसली आणि वल्हं हातात घेतलं. मी पुढे बसले. तळाशी थोडं पाणी झिरपत होतं. मी डब्यानं उपसत राहिले. बरंच आत गेल्यावर आई थांबली.

"ते तितंच बसायचे. तू बसलीस तितं."

मी नकळत थोडी बाजूला सरकले. वारा होडीला हळूहळू वळवत होता.

निघायच्या दिवशी आईनं पिशवी भरलीच नाही. "मी ऱ्हाते हितंच. होडी वापरात असली तरच टिकती."

"आणि तुझ्या गोळ्या?"

"दवाखाना हाय की हितं. किसनभावजी हायत. जा तू."

मी खूप समजावलं. शेवटी बस लागली, तेव्हा तिनंच माझी बॅग वर ठेवली आणि खाली उतरली.

मला पुण्यात येऊन महिना होत आला. हाताला लागलेलं डांबर पहिल्याच आठवड्यात गेलं. आई पाण्यावरून परतली की फोन करते. जाळ्यात काय आलं, वारा कुठून होता, सगळं सांगते. इतकं ती इथे कधीच बोलली नव्हती. परत ये, असं म्हणायचं मी रोज ठरवते. तिचं बोलणं संपतं, फोन बंद होतो, आणि मी स्वयंपाकघरात बराच वेळ तशीच उभी राहते.