कंदील घरी राहिला

त्या दिवशी पहाटे मी आणि माझ्या बायकोनं मिळून जवारी दळली. जात्याच्या खुंट्याला खाली तिचा हात, वर माझा. पुरुषांनी जात्यावर बसायचं, हा आमच्या लाल बावट्याच्या गटाचा ठराव होता. बाईला बैठकीला बोलावता, तर तिचं काम वाटून घ्या, असं ठरलं होतं. बाकीच्यांनी चार दिवस केलं आणि सोडलं. मी सोडलं नाही, कारण मला तिच्यासमोर बसायला आवडायचं. ठरावाचं निमित्त बरं होतं.

पीठ भरताना मी म्हणालो, "कंदील घेऊन जा गं."

"नको. तुमाला पायजे तर तुमी न्या. मला पुन्ना कंदीलवाली म्हणून घ्यायचं न्हाय."

कंदील आढ्याला टांगलेलाच राहिला. तिनं जात्याभोवतीचं पीठ झाडून घेतलं, माझ्या मिशीला लागलेलं पदरानं पुसलं आणि म्हणाली, "म्हातारे दिसायलाव." मी म्हातारा झालो. ती बघायला नव्हती.

कंदीलवाली का, ते सांगतो.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण लेव्ही सुटली नव्हती. पिकलेल्या जवारीतला वाटा सरकार सक्तीनं उचलायचं आणि तो आधी गावोगावच्या बड्या लोकांच्या पेवात पडायचा. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र घराएवढं. वर लोक तरोट्याचा पाला शिजवून खायचे आणि त्यांच्या पायाखाली धान्य. आमचा गट ही पेवं फोडायचा आणि जवारी वाटायचा. मला शाळा थोडी, पण यात चूक काय ते मला आजही दिसत नाही.

बंद पेवातली हवा माणूस मारते. हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. जुने लोक पेवाचं तोंड उघडलं की नारळ फोडायचे, पूजा मांडायचे आणि मग दोराला बांधून कंदील आत सोडायचे. विझला की थांबायचं. आम्ही अंधश्रद्धा म्हणून नारळ बंद केला. बरंच केलं. पण नारळाच्या मागं मागं थांबणंही गेलं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिच्या आलं होतं. शेजारच्या गावात एक पेव उघडलं तेव्हा ती तोंडाशी मांडी घालून बसली. कंदील जळत राहिल्याबिगर कुणाला उतरू देईना. कंदील दोनदा विझला. तिसऱ्यांदा राहिला तेव्हा माणसं उतरली, पण निम्मी जवारी निघाली नाही तोच पोलीस आले. आम्ही पळालो. एक गडी सापडला. त्याला असा मारला की त्याचा उजवा हात पुन्हा वर गेला नाही.

पुढच्या बैठकीत आत्मटीका झाली. ही आमची रीत. एकेकानं उठायचं, आपली चूक सांगायची, राहिली असेल ती दुसऱ्यांनी सांगायची. आमचा सेक्रेटरी सोलापूरच्या गिरणीतून आलेला, शिकलेला. माणूस वाईट नव्हता. अंगात ताप असताना कोसभर चालत यायचा आणि वाट्याची भाकर दुसऱ्याला द्यायचा. पण त्याला प्रत्येक गोष्टीत कुणाची तरी चूक लागायची.

"बाईंच्या मनातल्या भीतीनं एका साथीचा हात गेला," तो म्हणाला.

मी उठलो. "कंदील दोनदा इझला. ती थांबली नसती तर दोघं-तिघं आतच राहिले असते."

"तुम्ही बसा. नवऱ्यानं बायकोची बाजू घ्यायची नाही, हे ठरलेलं आहे."

ठरलेलं होतं खरं.

ती उठली आणि म्हणाली, "माज्यामुळं उशीर झाला. माज्या मनात भ्या हुतं." सेक्रेटरीनं मान हलवली. झालं.

घरी येताना मी विचारलं, "खरंच भ्या हुतं?"

"हुतं की. मरायचं भ्या कुणाला नसतं? पण त्यात चूक काय, ते मला अजून कळंना."

बैठकीतलं बैठकीत सोडायचं, हीसुद्धा रीत होती. पण नाव चिकटलं. ती आली की कुणीतरी म्हणायचं, "कंदीलवाली आली, आता बसा दुपारपर्यंत." ती पण हसायची. मला मात्र तिचं हसू माहीत होतं.

मग आमच्याच गावच्या पाटलाचं पेव ठरलं. पाटील आणि त्याचे गडी जवळच्या वाशीच्या बाजाराला गेले होते. दुपारी गाड्या परतायच्या आत उरकायचं होतं. मला वाशीच्या वाटेवर राखणीला ठेवलं. मी माळावर उभा राहून धुळीकडं बघत होतो. धूळ वाटेवर दिसली नाही. गावाकडून मात्र आमच्यातला म्हातारा चांभार धावत येताना दिसला. दोर धरायचं काम त्याच्याकडं असायचं. त्यानं माझा हात धरला आणि उलटा फिरला.

मी पोचलो तेव्हा तिला पेवातून वर काढलेलं होतं. केसांत जवारीचे दाणे होते. मी ते वेचत बसलो. सेक्रेटरी माझ्या शेजारी बसून रडत होता. ते खोटं नव्हतं.

बाजारातून आलेल्या गाड्यांनी गर्दी बघितली आणि वेशीवरूनच वाशीकडं परत फिरल्या. आता पोलीस येणार, पण दुसऱ्या दिवशीच्या दुपारशिवाय नाही. दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठी तिला अग्नी दिला.

तिथून उठून बैठक. हीसुद्धा रीत. माणूस गेला तर का गेला, ते गटानं ठरवायचं आणि पुढच्या गटाला कळवायचं. गावोगाव तिचं जे नाव जाणार होतं, ते तिथं ठरणार होतं. मला बाकी काही नको होतं, तेवढं नीट पाहिजे होतं.

सेक्रेटरी म्हणाला, "बाईंनी घाई केली. आधीचा ठपका पुसायला शौर्य दाखवायला गेल्या. हे व्यक्तिवादी वागणं झालं." त्याचा आवाज फाटलेला होता. एकजण उठून म्हणाला, "व्हय, त्यांनी घाई केली." दुसराही तेच म्हणाला.

मी म्हणालो, "थांबली तवा भित्री. न्हाय थांबली तवा उतावळी. तिनं करायचं काय हुतं, तेवढं सांगा."

"तुम्ही नवरा आहात," सेक्रेटरी म्हणाला.

"आता न्हाय," मी म्हणालो.

 मग चांभार उठला. तो बैठकीत कधी बोलायचा नाही.

"दोर माज्या हातात हुता," तो म्हणाला. "तोंड उघडल्या उघडल्या ती उतराया लागली. थांब म्हणायचं माज्या तोंडावर आलं हुतं. म्हणलो न्हाय. म्हणलो असतो तर फुडच्या बैठकीत मी कंदीलवाला झालो असतो. तितं पाच माणसं हुती. हर एकाला म्हायती हुतं. इचारा."

सेक्रेटरीनं एकेकाकडं बघितलं. सगळे खाली बघत होते. मग त्यानं स्वतःही मान खाली घातली. चूक कुणाची, यावर ठराव झाला नाही. त्या बैठकीला शेवटच नव्हता. एकेक माणूस उठून घरी गेला.

सकाळी मी जात्याकडं बघितलं नाही. आढ्याचा कंदील काढला, काच पुसली, रॉकेल भरलं आणि पेवाकडं गेलो. जवारी अजून आतच होती आणि गाव उपाशीच होतं. माझ्या आधी तिथं गटातली माणसं जमली होती. वाशीच्या वाटेकडं बघत होती. सेक्रेटरीपण होता.

मी दोराला कंदील बांधून आत सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. मी तो वर ओढला.

"किती वेळ लागंल?" कुणीतरी हळूच विचारलं.

"लागंल तेवढा," सेक्रेटरी म्हणाला आणि माझ्या बाजूला खाली बसला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. कंदील पुन्हा पेटवला, तोंडाशी मांडी घातली आणि बसून राहिलो.