विहीर बघून दिलेली पोरगी

माझ्या वडिलांनी मला देताना नवरा मुलगा नीट पाहिलाच नव्हता. विहीर मात्र डोळे भरून पाहिली. आमच्या उदगीर-औरादच्या पट्ट्यात ही रीतच होती. सोयरिकीला गेलेला मुलीचा बाप चहाच्या आधी शेतात जायचा, विहिरीच्या काठावर वाकायचा, आत खडा टाकायचा आणि कान द्यायचा. तेही ऐन उन्हाळ्यात, कारण दिवाळीत कुणाच्याही विहिरीला पाणी असतं. वडील घरी आले आणि आईला म्हणाले, "पोरीला हंडा घेऊन लांब जावं लागायचं न्हाई." मुलगा काळा की गोरा असं आईनं विचारलं, तर ते आठवत बसले.

तो मुलगा, म्हणजे माझे यजमान, शेजारच्या गावात मास्तर होते. शेती सासरे आणि धाकटे दीर पाहायचे. सासऱ्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा. साहेबाशी कानडी, जुन्या कारकुनाशी उर्दू आणि आमच्याशी मराठी बोलणारा, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांच्या विहिरीवर दोन मोटा चालायच्या. त्या पाण्यावर कांदा, मिरची, थोडा गहू आणि सासूबाईंची मेथी-कोथिंबीर व्हायची. औरादच्या बाजारात आमच्या मिरचीची गिऱ्हाइकं वाट बघायची. मी त्या घरात सुखी होते, हे सरळच सांगते.

मग पाटाची मोजणी आली. वर धरण होणार होतं आणि त्याचा पाट आमच्या शिवारातून जाणार होता. लोक जमीन सोडायला तयार नव्हते. अप्पा घरोघर हिंडले. "आपली हयात मोटंमागं गेली. आता पाणी दारात यायलंय, तर आडवं कामून व्हायचं?" म्हणायचे. लोकांनी ऐकलं. अप्पांना त्यात स्वतःसाठी काही काढायचं नव्हतं, एवढं मी आजही त्यांच्या बाजूनं बोलेन.

पाटाचं पाणी सपाट रानात फिरतं. आमच्या रानात मोटेची धाव होती, म्हणजे मोट ओढताना बैल उतरतात तो मातीचा लांबलचक उतार. ती मोडून रान सारखं करायचं ठरलं. निघालेली माती टाकायची कुठं? विहीर समोरच होती. पाट आल्यावर विहिरीचं काम काय, असा अप्पांचा हिशेब.

सासूबाई कधी नव्हे ते सगळ्यांसमोर बोलल्या. "अवो, पाणी तर येऊ द्या आदी. हातचं सोडून पळत्याच्या मागं कामून लागायलाव?"

"सरकारचा पाट हाय तो. पळून जातोय व्हय?" अप्पा हसले.

सासूबाईंनी विहिरीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. लेकीला वाटेला लावावी तशी. मग वरून माती पडायला लागली आणि मी घरात निघून गेले. मला तो आवाज ऐकवेना. अप्पांनी बुजवली म्हणून आणखी काही जणांनी बुजवल्या. अप्पा चुकतील, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पाट झाला, फरशी बसवलेला, देखणा. पाणीही सुटलं, पण ते वरच्या गावांपर्यंतच. आम्ही टोकाला. वरच्या गावांत ऊस उभा राहिला, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या, कुणाकुणाच्या दारात फटफटी लागली. पाण्यानं माणसाचं बरं होतं, हे खोटं नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तर जास्त जळफळाट व्हायचा. कुणाच्या उसाला पाचवं पाणी, आणि आमच्या वाट्याला नुसता पाट. अप्पा दर साली साहेबाला भेटून यायचे आणि सांगायचे, "येणार हाय."

आम्ही बायकांनी त्या पाटाचा उपयोग शोधला. इतकी स्वच्छ, तापलेली फरशी गावात दुसरी नव्हती. तूर, डाळी, मिरच्या, सगळं पाटात वाळायला लागलं. मिरच्या आता पावसावरच्या, मूठभर. प्यायचं पाणी आणायला मी ज्यांनी विहीर बुजवली नव्हती त्यांच्याकडे, शिवाराच्या पार पलीकडे जायची. एकदा वडील अवचित आले, ते वाटेतच समोर उभे. माझ्या डोक्यावर हंडा.  घरी जेवताना अप्पांना म्हणाले, "मी विहीर बघून पोरगी दिली हुती."

"पाहुणे, पुढच्या साली या. पाट बघायला," अप्पा म्हणाले.

वडील पुन्हा आले नाहीत. मी अप्पांवर फार चिडले होते. विहीर उकरून का काढत नाहीत, हा एकच प्रश्न. यजमान एकदा म्हणाले, "अप्पांनी कुदळ हातात घेतली, की पाणी येणार न्हाई असं गावाला सांगितल्यागत हुईल." म्हणजे त्या मातीखाली विहीर होती आणि वर अप्पांचा शब्द बसलेला होता.

भोगलं ते दिरांनी. राबणारा, निर्व्यसनी मुलगा, पण पाहुणे यायचे, विहिरीची जागा बघायचे आणि चहा पिऊन जायचे. शेवटी आळंदकडून एक स्थळ आलं. मुलगी चांगली होती, दिरांच्या मनात भरली होती. ते सासूबाईंना सांगून बसले होते, हे जमलं नाही तर मी गावात राहणार नाही.

पाहुणे यायच्या सकाळी सासूबाई आणि मी पदर खोचून पाटात उतरलो. जिथं मिरच्या वाळतात तिथं पाणी येत नाही, हे कुणालाही कळतं. गोळा केल्या, झाडून काढलं. शिंकून शिंकून बेजार झालो आणि तशातही हसलो.

पाहुणे आले. अप्पांनी त्यांना पाटावर नेलं, दीरही बरोबर होते, मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेले. मुलीचा बाप खाली उतरला, फरशीच्या फटीत बोट घातलं आणि मिरचीचं बी काढून तळहातावर घेतलं. मग वर बघितलं, ते माझ्याकडे.

"पोरी, तू ह्या घरची सून. प्यायचं पाणी कुठून आणायलीस?"

दीर माझ्याकडे बघत होते. त्यांचं तोंड मला अजून दिसतं. मी खरं बोलले तर त्यांचा संसार जातो, खोटं बोलले तर एका पोरीच्या डोक्यावर माझा हंडा जातो. 

"तिला इच्यारू नका," अप्पा म्हणाले. "पाणी न्हाई. विहीर हुती, मीच बुजवली. गावाच्या विहिरीबी माझ्याच सांगण्यावरून गेल्या."

भोवती गावची माणसं होती.  पाहुण्यानं ते बी झटकलं, अप्पांचा हात धरला आणि म्हणाला, "खरं बोललाव, अप्पा. पण पोरगी द्याया न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि दीर उकरायला लागले. ते बघून गावही लागला. आमच्याच धावेची माती होती, दुसऱ्या कुणाला शिव्या द्यायची सोय नव्हती. खाली मोटेचं चाक सापडलं, कुजलेलं. त्याखाली ओल लागली, पाणीही आलं, पण मोटेला होळीपर्यंतही पुरेना. तोवर आजूबाजूला बोअर पडले होते. दोन मोटांची विहीर हंड्यापुरती उरली. माझी पायपीट वाचली. दिरांचं रान वाचलं नाही.

ते बिदरला गेले, तिथल्या कोळार वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. खोली घेतली. तिथंच एक स्थळ आलं. मुलीचा बाप खोली बघायला येणार म्हणून अप्पा मुद्दाम गावाहून आले, मीही सोबत होते. अप्पा थकले होते, काठी लागत होती.

मुलीच्या बापानं खोलीत पाऊल टाकलं. खाटेकडे बघितलं नाही, भांड्यांकडे नाही, दिरांकडेही नाही. सरळ मोरीत गेला आणि नळ फिरवला. नळ कोरडा होता. दिरांनी मान खाली घातली.

अप्पा काठी टेकत उठले आणि माझ्याआधी, दिरांआधी, कुणी विचारायच्याही आधी बोलले, "एक दिसाआड येतंय, पाहुणे. उद्या येऊन डोळ्यानं बघा, मगच पोरगी द्या."