रोहनचं वायफाय आज लागलं नाही

मंडळी, घाटकोपरच्या माझ्या दुकानातून आज विद्यापीठात ट्यूबलाइट पोचवायला गेलो होतो. माझा मुलगा रोहन तिथेच शिकला, आता जर्मनीत असतो. त्याचं लॉगिन माझ्या फोनमध्ये आहे, त्यामुळे गेटात शिरलो की वायफाय आपोआप लागायचं.

आज लागलं नाही. बाकावरच्या मुलीला रोहनचं लॉगिन दाखवून विचारलं.

"पासआउट झाला ना तो? मग खातं बंद, काका! गेस्टमध्ये जा, कोणाला भेटायला आलात त्याचं नाव टाका."

मी रोहनचं नाव टाकलं. 'असा विद्यार्थी नाही' असं आलं.

"माझं टाका ना, बिनधास्त!" ती हसली.

टाकलं, लागलं. खरं तर माझं स्वतःचं नेट भरपूर होतं.

घरी येऊन रोहनचं लॉगिन फोनमधून काढून टाकायला गेलो, पण बोट पुढे जाईना. तुमच्यापैकी कोणी मुलांचं असं काही काढून टाकलंय का हो?