मारेकऱ्याचा चेहरा

धाकट्याचा उजवा हात पुन्हा ब्रश धरेल का, यापेक्षा आईला दुसरीच भीती पोखरत होती. तो माणूस परत आला तर?

धाकटा शेतकऱ्यांची चित्रं काढायचा. मनातला चेहरा त्याला कधी जमलाच नाही. समोर माणूस बसवावाच लागे. ऐंशी वर्षांपूर्वी गावच्या खळ्यात जमीनदाराच्या माणसांनी अकरा शेतकरी कुऱ्हाडीनं तोडले होते. ते चित्र त्यानं काढायला घेतलं. मेलेल्यांच्या जागी त्यांचीच नातवंडं हौसेनं झोपली, पण मारेकरी व्हायला कोणी तयार होईना. शेवटी "लाकूड फोडताना काढतो" अशी थाप मारून त्यानं गिरणीवाल्याला उभं केलं.

काल दुपारी गिरणीवाला कोयता घेऊन खोलीत शिरला.

"माझ्या आजोबाला चव्हाट्यावर आणतोस?"

त्यानं चित्र उभं फाडलं. धाकटा आडवा गेला, तसा दुसरा वार पंजावर बसला. दोन बोटं रंगांत पडली.

"परत काढलंस तर मान उडवीन."

"त्याचा आजोबा खरंच त्यात होता, हे मला काय माहीत?" धाकटा दवाखान्यात म्हणाला. "पोलिसांना काचेनं कापलं असं सांगितलंय. फसवलं मीच ना!"

"फसवल्याबद्दल बोटं तोडतात होय रे, शहाण्या?"

"डाव्या हातानं काढीन. चेहरा तोच."

आईनं कपाळावर हात मारला. पोरगं आता मान जाईपर्यंत थांबणार नव्हतं. पोलिसांना खरं कळवलं तर तो जन्मभर आपल्याशी बोलणार नाही. न बोलू दे. अबोला धरायला तरी जिवंत राहील.

तिनं ठाण्याला फोन लावायला घेतला.