चांद्याचा शेवट

लिहिणाऱ्यांच्या हातून लिखाण कमी आणि किस्से जास्त होतात, हे आमच्या अमडापूरच्या लेखक मंडळाकडे पाहून कोणालाही पटेल. नवा महाराष्ट्र झालेला, आपणही साहित्यिक व्हावं असं आम्हाला फार वाटायचं. मंडळात तिघं: शाळेतले नामदेव गुरुजी, वांगी पिकवणारा कवी वसंता आणि मी.

नियमित लिहायची सवय लागावी म्हणून गुरुजींनी नियमच केला. बाजाराच्या दिवशी नवं पान आणायचं; पान नाही, तर चहा नाही! वसंता एकदाही चुकला नाही. पण पावसाळ्यातली कविता हिवाळ्यातही तीच निघाली, नुसता ऋतू बदललेला. गुरुजी चिडले.

वसंता शांतपणे म्हणाला, "वांग्याचं झाड तेच राह्यते गुरुजी, तोडणी नवी असते!"

चहा मिळाला त्याला.

* * *

गुरुजी पहाटे उठून कथा लिहीत. संपादक पुण्याचे, म्हणून नायिकाही पुण्याची! गुरुजी स्वतः अकोल्याच्या पुढे गेलेले नव्हते.

वसंतानं एक कथा ऐकून विचारलं, "गुरुजी, हे बाई बंगल्यात राह्यते, मंग रोज सकाळी शेणाचा सडा काऊन टाकते?"

* * *

कथा साभार परत येत. पोस्टमनलाच त्याचं जास्त वाईट वाटे. एकदा पाकीट फारच लवकर आलं, तर तो गुरुजींच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मनाले लावून घेऊ नका गुरुजी. त्यायनं वाचलीच नसन!"

* * *

खरं दुखणं निराळंच होतं. आपली एक तरी कथा वडिलांनी शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच गुरुजींची इच्छा. वडील शेतकरी माणूस. पहिलं पान संपायच्या आत "ढोरायले पाणी दाखवतो" म्हणून उठायचे.

शेवटी एका संपादकानं कळवलं, तुमच्या घरातलं, गोठ्यातलं लिहा. गुरुजींनी घरच्या चांद्या बैलावर कथा लिहिली. चांगली जमली होती, पण शेवट काही केल्या सापडेना.

"मारा त्याले," वसंता म्हणाला.

"अबे, धडधाकट हाये तो!"

"कथेत मारा म्हन्तो मी!"

गुरुजींनी जड हातानं मारला. कथा छापून आली!

* * *

अंक आला त्या संध्याकाळी आम्ही दोघं गुरुजींच्या अंगणात. वडील बाजेवर बसलेले, चांद्या पलीकडे गोठ्यात कडबा खात होता. गुरुजी वाचू लागले.

पहिलं पान झालं, वडील उठले नाहीत. दुसरं झालं. ढोरं पाण्यासाठी हंबरली, तरी म्हातारा जागचा हलला नाही. वसंतानं मला कोपरानं ढोसलं. मला खरंच भरून आलं होतं.

चांद्या आजारी पडला तसे वडील पुढे सरकले. गुरुजींनाही चेव आला. चांद्यानं मान टाकली ते वाक्य त्यांनी चांगलं खणखणीत आवाजात वाचलं.

वडिलांनी झटकन अंकावर हात ठेवला. गोठ्याकडे पाहिलं. मग गुरुजींच्या कानाशी येऊन म्हणाले, "हळू वाच ना बे! तो ऐकून राह्यला!"